उत्तर गिऱ्हाइकाकडे असतं

मसाल्यांचा घरगुती उद्योग सुरू करायचा, पोळीभाजी केंद्र काढायचं, नोकरी सांभाळून गावाकडचा तांदूळ नि गूळ शहरात विकायचा, अशा कल्पना महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात. नाव ठरलेलं असतं, लोगो भाच्याने करून दिलेला असतो, वहीत खर्चाचे तीन-तीन हिशेब मांडलेले असतात, यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती पाहून पाहून पाठ झालेल्या असतात. विकत घेणारं गिऱ्हाईक मात्र एकही नसतं. अशा माणसाला आपण भित्रा म्हणतो, आळशी म्हणतो. हा अन्याय आहे. आळशी माणूस इतके हिशेब मांडत नाही. उलट, घरची जबाबदारी ओळखणारा, दुसऱ्याच्या पैशाची चाड असलेला माणूसच यात जास्त अडकतो. त्याला ‘फार विचार करू नकोस, उडी मार’ असं सांगून काही साधत नाही, कारण त्याचा विचार चुकीचा नसतोच. तो विचार जिथे बसून चालला आहे ती जागा चुकलेली असते. धंद्याचे काही प्रश्न घरी वही-पेन घेऊन सुटतात, काही फक्त बाजारात सुटतात. आणि अडकलेला माणूस दुसऱ्या प्रकारचे प्रश्न पहिल्या पद्धतीने सोडवायला बसलेला असतो.

लिज्जत पापडाचा इतिहास आपण महिलांच्या जिद्दीची कथा म्हणून ऐकलेला असतो. तो या प्रश्नासाठी पुन्हा बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी पापड लाटायला घेतले. हाताशी भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसनं घेतलेलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरमधल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पुढे जून उजाडला. पापडाला ऊन लागतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, त्यामुळे चार महिने काम बंद ठेवावं लागलं. जूनमध्ये पाऊस येतो हे मुंबईत संसार करणाऱ्या बायकांना मार्चमध्ये ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? एखाद्या चिकित्सक माणसाने पहिल्याच बैठकीत विचारलं असतं: पावसाळ्यात वाळवणार कुठे? वाळवणीचं यंत्र परवडणार कसं? चार महिने बंद राहिलेला धंदा पुन्हा उभा राहील का? आणि प्रश्न इतके रास्त आहेत की त्यांच्यापुढे पापडाचा बेत तिथेच मोडला असता. या बायकांनी दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

हे उत्तर इतकं साधं आहे की ते आधी का सुचू नये, असं वाटतं. सुचलं असतंही; पण ते पुरेल की नाही हे आधी ठरवता आलं नसतं. दिवसाला किती पापड लाटून होतात, किती खपतात, खाटेवर किती मावतात, स्टोव्हच्या तेलाचा खर्च पाकिटामागे किती पडतो, हे एक हंगाम काम केल्यावरच कळतं. पहिल्या वर्षी त्यांची विक्री ६,१९६ रुपयांची झाली होती. तेवढी विक्री होते हे कळल्यावर खाट आणि स्टोव्ह हा सरळ हिशेबाचा मामला उरला. मार्चमध्ये तो केवळ तर्क होता. शिवाय सुरुवात ८० रुपयांची असल्यामुळे चार महिने थांबणं सोसण्यासारखं होतं. गाळ्याचं भाडं आणि बँकेचा हप्ता मागे लागलेला असता तर त्याच पावसाळ्याने धंदा बुडवला असता. एक गोष्ट मात्र त्यांनी मनाशी पक्की केली होती: तोटा आला तरी देणगी मागायची नाही. म्हणजे विचार झालेला होता. तो मर्यादेविषयी होता. पाऊस, खप आणि नफा यांची उत्तरं त्यांनी काम करता करता मिळवली.

घरी बसून सगळं का ठरवता येत नाही याचं चांगलं स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली ‘रिस्क, अनसर्टन्टी अँड प्रॉफिट’ या ग्रंथात दिलं. त्यांनी जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला हजारो घरांचा पूर्वानुभव असतो, म्हणून तिची जोखीम आकड्यांत मांडता येते. एका विशिष्ट गावात, एका विशिष्ट बाईने केलेलं मेतकूट तिच्या किमतीला खपेल का, याचा पूर्वानुभव कुणाकडेच नसतो. तिथे शक्यतेचा आकडाच काढता येत नाही. आणि नाइट यांच्या मते उद्योजकाला मिळणारा खरा नफा ही अनिश्चितता अंगावर घेण्याचाच मोबदला असतो. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ‘हे चालेलच’ अशी खात्री पटेपर्यंत थांबणारा माणूस अशा क्षणाची वाट पाहत असतो, जो आला तर इतरांनाही दिसेल आणि त्यातली कमाई तोवर वाटली गेलेली असेल. खात्री आणि नफा एकाच वेळी हातात येत नाहीत.

मग तोच प्रश्न मनात शंभर वेळा फिरवल्याने निदान नुकसान तरी होत नाही ना? होतं. सुझन नोलेन-हक्सिमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच सवयीचा अभ्यास केला. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्यासोबत १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांना असं आढळलं की, आधीच मन खिन्न असलेल्या लोकांना स्वतःविषयी घोळत बसायला लावलं, तर समोरच्या अडचणींवर त्यांना सुचणारे उपाय कमी दर्जाचे असतात आणि भविष्याविषयीचा अंदाज अधिक काळा होतो. त्याच मनःस्थितीतल्या लोकांचं लक्ष थोडा वेळ दुसरीकडे वळवलं, तर हा परिणाम दिसत नाही. म्हणजे रात्री दीडला छताकडे पाहत केलेला धंद्याचा विचार हा ‘अभ्यास’ वाटला तरी तो अभ्यास नसतो. त्यातून नवी माहिती येत नाही. जुनीच माहिती दर फेरीला थोडी अधिक भीतिदायक होऊन परत येते.

स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग याहून धाडसी होता. नोकरी सोडावी का, नवं काही सुरू करावं का, नातं तोडावं का, अशा पेचात अडकलेल्या लोकांना त्यांनी एका संकेतस्थळावर नाणेफेक करायला दिली. वीस हजारांहून अधिक वेळा नाणं उडालं. बऱ्याच जणांनी नाण्याचा कौल खरोखर पाळला. आणि मोठ्या निर्णयांच्या बाबतीत, ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी बदल न करणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी असल्याचं सांगत होते. हे लोक स्वतःहून आलेले होते, समाधान त्यांनी स्वतःच सांगितलेलं होतं, त्यामुळे यावरून कुणी नाणं उडवून दुकान काढू नये. पण एक गोष्ट त्यातून पुरेशी स्पष्ट होते. ज्या पेचात माणूस इतका अडकला आहे की नाण्याचा कौल घ्यायला तयार होतो, तिथे आपलं मन ‘थांब’ या बाजूला गरजेपेक्षा जास्त झुकलेलं असतं.

अनुभवी उद्योजक यातून कसे निघतात? भारतीय वंशाच्या प्राध्यापिका सरस सरस्वती यांनी नोबेल विजेते हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली कार्नेगी मेलन विद्यापीठात हाच प्रश्न हाती घेतला. मोठ्या कंपन्या उभ्या केलेल्या २७ उद्योजकांना त्यांनी एका काल्पनिक उत्पादनाचा धंदा उभा करायला सांगितला आणि विचार करताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात शिकवतात तसं आधी बाजारपेठेचं भाकीत, मग योजना, मग भांडवल, या क्रमाने फार थोडे गेले. बहुतेकांनी सुरुवात हाताशी काय आहे इथून केली: मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण आहे, पहिलं गिऱ्हाईक कोण होऊ शकेल. आणि ‘किती मिळेल’ याच्या आधी त्यांनी ‘किती गेलं तर चालेल’ हे ठरवलं. सरस्वतींनी २००१ साली मांडलेल्या या विचाराचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण या एका प्रश्नाचं उत्तर मात्र घरी बसून अचूक देता येतं. मिळकत किती होईल हे कुणालाच माहीत नसतं. काय गमावणं सोसेल हे प्रत्येकाला माहीत असतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपण म्हणतो, ते कंजूषपणाने जगण्याचा सल्ला म्हणून. धंद्यात तीच म्हण सुटकेचा मार्ग होते, कारण अंथरुणाची लांबी एकदा ठरली की त्याच्या आत पाय हलवायला मोकळीक मिळते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, एका बाईच्या हातच्या भाजणीच्या चकल्यांचं सगळीकडे कौतुक होतं आणि ‘चकल्या विकाव्यात का’ हा प्रश्न तिच्या मनात दोन दिवाळ्या रेंगाळतो आहे. तिने ठरवलं की पाच हजार रुपये आणि तीन महिन्यांचे शनिवार गेले तरी घराला धक्का लागत नाही. पहिल्या शनिवारी ती दोन किलो चकल्या करते आणि पाव किलोची आठ पाकिटं १२० रुपयांना एक अशी विकते. हातात आले ९६० रुपये. भाजणी, तेल, गॅस, पाकिटं, रिक्षा मिळून खर्च झाला, समजा, ४८० रुपये. अर्धा नफा! दोन दिवाळ्या ज्या प्रश्नाने झोप उडवली, ‘लोक घेतील का’, तो एका शनिवारात निकालात निघाला. पण त्या दिवशी तिने घड्याळ पाहिलं असेल तर दुसरीच गोष्ट पुढे येते. उकड काढणं, मळणं, साच्यातून पाडणं, तळणं, गार होऊ देणं, पाकिटं भरणं, पोचवणं यात आठ तास गेले, म्हणजे तासाला साठ रुपये सुटले. खरा प्रश्न खपाचा नव्हताच. दोन हातांनी तासाला किती चकल्या पडतात हा होता. आता तिच्यापुढे ठोस पर्याय आहेत. दर वाढवून पाहायचा, एका मदतनीस बाईला मजुरी देऊन पाहायचं, किंवा चकलीऐवजी तयार भाजणीचं पीठ विकायचं, ज्यात तळण्याचे तासच वाचतात. यातला एकही पर्याय तिच्या वहीत नव्हता, कारण वहीतल्या हिशेबात स्वतःचा वेळ कुणी धरत नाही. आकडे इथे उदाहरणापुरते घेतले आहेत. पण घरगुती उद्योग काही महिन्यांत थकून बंद पडतात ते बहुधा याच जागी, आणि ही जागा पहिल्या आठ पाकिटांत दिसते.

विकणं मात्र खरं विकणं असायला हवं. नणंदेने, शेजारणीने ‘छान आहेत गं’ म्हणणं ही माहिती नव्हे. ते प्रेम असतं. ओळखीच्या नसलेल्या माणसाने खिशातून पैसे काढले, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फोन केला, तर ती माहिती. ‘तुम्ही हे घ्याल का’ असं विचारून केलेल्या सर्वेक्षणाला लोक भिडेखातर हो म्हणतात. पैसे देताना भीड आड येत नाही.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल आणि तो योग्य आहे: लिज्जत यशस्वी झाली म्हणून आपण तिचं नाव घेतो, त्याच वर्षी त्याच गिरगावात आणखी कुणी उसने पैसे घेऊन काही सुरू केलं असेल आणि ते बुडालं असेल, तर त्याची आठवणही उरलेली नाही. यशस्वी लोकांच्या गोष्टींवरून ‘सुरू करा, होईल’ असा निष्कर्ष काढणं फसवं आहे. अमेरिकेतली सरकारी आकडेवारी सांगते की तिथे नव्याने सुरू झालेल्या आस्थापनांपैकी साधारण पाचातली एक पहिल्या वर्षातच बंद होते आणि पाच वर्षांनी जेमतेम निम्म्या उरतात. आपल्याकडे चित्र याहून गुलाबी असेल असं मानायला कारण नाही. पण म्हणूनच सुरुवातीच्या रकमेला इतकं महत्त्व आहे. बुडण्याची शक्यता निम्मी असेल, तर मंगळसूत्र गहाण टाकून सुरुवात करणं हा वेडेपणा आहे आणि पाच हजारांत सुरुवात करणं हे शिक्षण आहे. धंदा बुडाला म्हणून उद्ध्वस्त झालेल्या माणसांचं आयुष्य बहुतेकदा धंद्याने नव्हे, तर त्यासाठी काढलेल्या कर्जाने आणि जामीन राहिलेल्या नातेवाइकांनी मोडलेलं असतं. ‘बिनधास्त उडी मारा’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी या घरांकडेही पाहायला हवं.

विचाराचं मोल कमी करावं असंही पुरावा सांगत नाही. इटलीत ११६ नव्या उद्योगांवर एक शिस्तशीर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष अर्नाल्डो कामुफो आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केले. सर्वांना उद्योगाचं प्रशिक्षण मिळालं, पण निम्म्यांना जास्तीची एक गोष्ट शिकवली: आपल्या कल्पनेमागची गृहीतकं शास्त्रज्ञासारखी स्पष्ट लिहून काढा आणि एकेक करून गिऱ्हाइकापुढे तपासा. या निम्म्यांची कामगिरी सरस ठरली, आणि मूळ कल्पना बदलून दुसरीकडे वळण्याची तयारी त्यांच्यात जास्त दिसली. म्हणजे विचार करणारे जिंकले. पण त्यांच्या प्रत्येक विचाराच्या शेवटी कुणाला तरी भेटून विचारायचं काम होतं. अडकलेल्या माणसासाठी ही कसोटी फार उपयोगाची आहे. आज जो विचार केला त्यातून उद्या कुणाला फोन करायचा, कुठे नमुना पाठवायचा हे निघालं का? निघत नसेल तर तो विचार तिथेच थांबवलेला बरा.

दुसरा आक्षेप असा की प्रत्येक धंदा गच्चीवर सुरू होत नाही. शीतगृह, छापखाना, दवाखाना, पोल्ट्री यांना आधीच मोठी रक्कम लागते, आणि गाळ्याचं डिपॉझिट, यंत्राची किंमत, दहा वर्षांचं कर्ज हे निर्णय परत फिरवता येत नाहीत. अशा निर्णयांवर महिना-दोन महिने विचार करावा, चार जाणत्यांना विचारावं, वकील आणि सीए यांच्याकडून कागद वाचून घ्यावेत; तिथली घाई माफ करण्यासारखी नाही. पण अडकलेल्या माणसाची गफलत इथेच होते. तो पाकिटाच्या रंगावर, इन्स्टाग्रामच्या पानाच्या नावावर, पहिल्या दरावर तितकाच वेळ घालवतो जितका कर्जावर घालवायला हवा. रंग पुढच्या खेपेला बदलता येतो, दर महिनाभराने सुधारता येतो. आणि मोठ्या धंद्याचाही एखादा तुकडा आधी तपासता येतो: छापखाना काढण्याआधी कामं मिळवून दुसऱ्याच्या यंत्रावर छापून घेता येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागल्याचं सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ती या सगळ्या अनुभवानंतर. कारखान्याची वसाहत हे त्यांचं पहिलं पाऊल नव्हतं.

परवानग्यांची धास्ती हे थांबण्याचं एक सन्माननीय कारण असतं, म्हणून त्याविषयी थोडं. एकल मालकीच्या धंद्याला कंपनी नोंदवावी लागत नाही. २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी आधारच्या आधारे, ऑनलाइन आणि निःशुल्क होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असतील तर केवळ सूचना द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी मात्र हवीच. ती टाळू नये. हे सारं मिळून काही दिवसांचं काम आहे, काही वर्षांचं नव्हे.

राहतो घरचा प्रश्न, आणि खरं तर सर्वांत जड तोच. पगाराच्या नोकरीला मान आणि धंद्यात आपटलेल्याला टोमणे, हे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत अजून संपलेलं नाही. बाईने काही सुरू केलं तर ‘घर सांभाळून काय ते कर’ ही अट आधी येते. अशा घरात फसण्याची किंमत पैशांत नसते, चारचौघांतल्या बोलण्यात असते, आणि म्हणूनच माणूस सगळं परिपूर्ण होईपर्यंत थांबतो. यावर मला एकच उपाय खरा वाटतो: प्रयोगाची मुदत आणि रक्कम घरच्यांसमोर आधीच सांगावी. तीन महिने, पाच हजार रुपये, त्यानंतर हिशेब सर्वांसमोर. मग बंद पडलं तरी ते ठरल्याप्रमाणे संपलेलं काम असतं, नाचक्की नव्हे. घरच्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी वर्षभर धंद्याचं बोलत असेल, तर ‘चालेल का हे?’ असं त्याला विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही. पहिला माल कुणाला विकणार आहेस आणि कोणत्या तारखेला, एवढंच विचारा, आणि ती तारीख याच महिन्यातली असू द्या.